न्यू जर्सीच्या पाइनच्या जंगलातली दलदल: जूनमध्ये जावं की ऑक्टोबरमध्ये?

निवृत्त_पाटकरी

नमस्कार मंडळी. मी कर्वेनगरचा. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे कुठेही गेलो तरी पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय हे आधी बघतो. सौ.ची याबद्दल कायमची तक्रार आहे.

लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. मागच्या खेपेला नायगारा, वॉशिंग्टन, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, सगळं रीतसर उरकलं. अटलांटिक सिटीला जाताना मात्र हायवेच्या दोन्ही अंगांना पाइनचं जंगल सुरू झालं ते संपेचना. जमीन बघावी तर पांढरी रेती, आणि मध्येच एका छोट्या पुलाखालून तांबूस-काळं पाणी. वरच्या बाजूला कारखाना आहे का, असं जावईबापूंना विचारलं. ते म्हणाले, नाही बाबा, इथलं पाणीच असं आहे, याला पाइन बॅरन्स म्हणतात, आत सगळी दलदल आहे. गाडी काही थांबली नाही. तेव्हापासून ते पाणी डोक्यात आहे.

यंदा पुन्हा जायचं घाटतंय. जावईबापूंनी आपणहून विचारलं, या वेळी काय बघायचंय? मी "दलदल" म्हटल्यावर व्हिडिओ कॉलवर जरा वेळ कोणीच बोललं नाही.

माझा मुख्य घोळ असा आहे की रेतीत दलदल होतेच कशी? आम्ही जन्मभर रेती म्हणजे निचरा हेच शिकलो. कालव्याच्या तळाला रेतीचा पट्टा लागला की गळती थांबवता थांबवता नाकी नऊ यायचे. आणि इथे रेतीवर बारा महिने पाणी उभं? कोणी प्रत्यक्ष पाहून आलंय का? जून बरा की ऑक्टोबर? गुडघे साठी उलटलेल्या माणसाचे असतात तसेच आहेत. सपाटीला दोन-तीन किलोमीटर चालतो. चिखलात उतरायची तयारी आहे, रुतून बसायची नाही. सौ.ला चिखलात शून्य रस, तेव्हा तिच्यासाठी जवळपास काही असेल तर तेही सुचवा, म्हणजे प्रस्तावाला मंजुरी मिळेल.

हडपसरचा_पोपट

काका, एवढं तिकीट काढून चिखल बघायला कशाला जाताय? आमच्या सोसायटीमागच्या रस्त्यावर या, फुकटात दाखवतो, बारमाही आहे. बाकी त्या जंगलात जर्सी डेव्हिल नावाचं भूत आहे म्हणतात, घोड्याचं तोंड आणि वटवाघळाचे पंख. काकूंना आधी सांगू नका.

शेवाळबाई

पोपटराव, तुमच्या रस्त्यावर कीटकभक्षी वनस्पती उगवल्या की जरूर कळवा, मी लगेच येते.

पाटकरी साहेब, प्रश्न वाचून बरं वाटलं, नाहीतर इथे अमेरिकेचा धागा निघाला की आउटलेट मॉलवर जाऊन थांबतो. मी पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मुलं मागून ज्या नावाने हाक मारायची तेच निवृत्तीनंतर इथे घेतलं. धाकटा मुलगा चेरी हिलला असतो, तिथून हे जंगल फार लांब नाही. त्यामुळे माझं तिकडे जाणं म्हणजे नातवंडं आणि दलदल. दर वेळी याच क्रमाने असं नाही.

आधी तुमच्या रेतीचं. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, ती रेती पाणी धरत नाही. पाऊस पडला की पाणी सरळ खाली जातं. पण खाली गेलेलं पाणी पुढे जाणार कुठे? रेतीचे थर चांगले जाड आहेत आणि पाण्याने तुडुंब भरलेले आहेत. त्या भूजलसाठ्याला कर्कवुड-कोहान्सी म्हणतात. सगळा भाग किनारपट्टीचा, जवळजवळ सपाट, त्यामुळे पाण्याला सरकायला उतारच मिळत नाही. भूजलाची पातळी जमिनीच्या अगदी लगत राहते, आणि जमीन जिथे जराशी खोलगट झाली तिथे ते पाणी उघडं पडतं. तिथलं पाणी खालून वर आलेलं आहे, हे एकदा लक्षात घेतलं की बाकी सगळं आपोआप लागतं.

आपल्या कासचं गणित याच्या उलट आहे. तिथे जांभ्याचा कातळ पावसाचं पाणी वरच अडवून धरतो, म्हणून पावसाळ्यात सडा पाण्याने डबडबलेला असतो आणि पाऊस गेला की कोरडा ठक्क. न्यू जर्सीत ओल बारमाही. नद्यांचंही तसंच. मुलिका, बॅट्स्टो, ऑस्वेगो, वेडिंग या सगळ्यांत बहुतेक पाणी जमिनीतून झिरपून आलेलं असतं, त्यामुळे त्या भर उन्हाळ्यातही वाहत्या राहतात.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी आहे: जमिनीत अन्न नाही. त्या रेतीत पोषणद्रव्यं धरून ठेवणारी चिकणमाती जवळजवळ नाहीच, पाणी सगळं धुऊन नेतं. वर पाइनच्या सुया आणि पालापाचोळा कुजून पाणी आम्ल होतं, सामू (पीएच) चार-साडेचारच्या घरात. तुम्ही पुलाखाली पाहिलेला रंगही त्यातलाच, पानांतलं टॅनिन आणि जमिनीतलं लोह यांचा. ओंजळीत घेतलं तर कोऱ्या चहासारखं दिसतं, डोहात काळं. दूषित अजिबात नाही. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांची पिकं या जमिनीत नीट आली नाहीत, म्हणून त्यांनी हा भाग टाकाऊ ठरवला. ज्यांना पोटाला दुसरीकडून मिळवता येतं त्या वनस्पतींना तो टाकाऊपणा पथ्यावर पडला.

आता कुठे जायचं ते. तुमच्या गुडघ्यांसाठी वेब्स मिलची दलदल. रस्ता क्रमांक ५३९ वर, ग्रीनवूड नावाच्या राखीव वन्यजीव क्षेत्रात. रस्त्यालगत गाडी लावायची, थोडं आत गेलं की लाकडी फळ्यांची पायवाट दलदलीवरून फिरवून आणते. छोटीशी आहे. झपझप चालणारा माणूस दहा मिनिटांत बाहेर येतो आणि विचारतो, एवढंच? मी तिथे अर्धा दिवस सहज काढते. फळ्यांवर पालथं पडायचं, हनुवटी कडेला टेकवायची आणि खाली बघायचं. लाज सोडा, तिथे येणारे बरेचसे असेच पडलेले असतात.

पहिल्यांदा दिसतं ते स्फॅग्नम शेवाळ. आपण ऑर्किडच्या कुंडीत वाळलेलं घालतो तेच, पण जिवंत. हिरवं, पोपटी, कुठे लालभडक. त्याच्या पानांत रिकाम्या मृत पेशी असतात आणि त्या पाणी भरून ठेवतात. स्वतःच्या वजनाच्या कैक पट पाणी धरतं. मूठभर पिळलं तर धार लागते. (पिळू नका, मी सांगते म्हणून विश्वास ठेवा.) हे नुसतं आम्ल पाण्यात राहत नाही, पाणी आणखी आम्ल करतं. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ओढून घेतं आणि बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांची वाढ त्यामुळे खुंटते आणि याचं राज्य पसरतं. हे समजल्यापासून आमच्या घरी एका नातेवाइकांना स्फॅग्नम म्हणतात.

शेवाळात घटपर्णी दिसेल, सरासेनिया पुर्पुरिया. मेघालयातली आपली घटपर्णी नेपेंथिस, तिचे घट पानाच्या टोकाला लोंबतात आणि वर झाकण असतं. ही वेगळ्या कुळातली. हिचे घट जमिनीवर गोल मांडून बसलेले, तोंडं आभाळाकडे, झाकण असं नाहीच, मागे नुसती उभी झालर. पावसाचं पाणी थेट आत. झालरीवर लालजांभळ्या शिरा आणि खाली वळलेले कडक केस. माशी उतरते ती सहज, परत चढताना केस आडवे येतात. आत डोकावून बघा. तळाशी मुंग्यांचे पाय, पंखांचे तुकडे, आणि त्यातच बारीक अळ्या वळवळताना दिसतील. डेंग्यूच्या धास्तीने कोरडा दिवस पाळणाऱ्या आपल्या लोकांचा हात ते पाणी ओतून द्यायला शिवशिवतो. थांबा. तो वायोमिया स्मिथाय नावाचा डास आहे आणि त्याच्या अळ्या फक्त याच घटात वाढतात. सोबत एका चिलटाच्याही अळ्या असतात, त्या बुडालेल्या किड्यांचा भुगा पाडतात. उरलेल्या बारीक कणांवर जिवाणू काम करतात आणि त्यातून सुटलेलं नत्र झाड शोषतं. एवढ्याशा घटात एवढे भाडेकरू!

दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती तुम्ही कासला पाहिली असेल, ड्रॉसेराच. तिथली ड्रॉसेरा बर्मानाय कातळाला चिकटून बसते. इथे तिच्या तीन बहिणी भेटतात, आणि त्यातली ड्रॉसेरा फिलिफॉर्मिस बघून मी पहिल्यांदा चक्क "अगं बाई" म्हणाले होते. पान असं काही नाहीच, जमिनीतून वीत-वीत उभ्या दोऱ्या. नखशिखांत तांबडे केस आणि प्रत्येक केसावर चिकट थेंब. सकाळी नऊच्या तिरक्या उन्हात अख्खा पट्टा लखलखतो. दुपारी बारा वाजता तोच पट्टा मळकट दिसतो, तेव्हा एडिसनहून नाश्ता करून निवांत निघू नका.

कासची सीतेची आसवंही आहेत बरं का, पण पिवळी. युट्रिक्युलॅरिया कॉर्नुटा, फुलाला खाली शिंगासारखी शेपटी. सापळे सगळे ओल्या रेतीत, डोळ्यांना दिसत नाहीत. बारीक फुगा, त्याला दार, दाराला स्पर्श झाला की सेकंदाच्या हजाराव्या भागात पाणी आणि भक्ष्य आत.

आणि डोळ्यांत तेल घालून शोधायचं ते कुरळ्या गवताचं नेचं, शायझिया पुसिला. १८०५ साली याच जंगलात बॅट्स्टो नदीवरच्या क्वेकर ब्रिजपाशी ते शास्त्राला पहिल्यांदा सापडलं. नेचं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं काहीही इथे नाही. बोटभर उंचीच्या, तारेसारख्या हिरव्या, गुंडाळलेल्या रेषा, आणि मधूनच एखादी सरळ काडी, टोकाला इवलीशी फणी. त्या फणीत बीजाणू. सीडरच्या बुंध्याशी शेवाळाचे उंचवटे असतात, त्यांच्या कडा शोधा. दिसत नाही, दिसत नाही, आणि एक दिसलं की आजूबाजूची पंचवीस दिसायला लागतात.

महिन्याचं उद्या लिहिते, सून जेवायला बोलावतेय.

वारज्याची_डॉक्टर

बाईंनी पालथं पडायला सांगितलंय म्हणून घाईघाईने लिहितेय. काका, तिथे गोचिडी असतात. आपल्याकडे कुत्र्यागुरांवर असतात तशा, पण तिथल्या काळ्या पायांच्या गोचिडीतून लाइम नावाचा जिवाणूजन्य आजार होतो आणि न्यू जर्सी त्यासाठी प्रसिद्ध आहे. मे ते जुलै पिल्लं जास्त सक्रिय, दीड-दोन मिलिमीटरची, कपड्यावर दिसतही नाहीत. फिकट रंगाची पूर्ण पँट, तिचा घोळ मोज्यात खोचायचा, बुटांवर आणि कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक, अंगावर डीट (किडे-गोचिडी दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम. घरी आल्यावर अंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे तपासणं. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, तूप, काडी असले घरगुती उपाय नकोत. बहुतेक वेळा संसर्गाला चोवीस तासांहून जास्त वेळ चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी महत्त्वाची. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला आणि तोवर पुण्यात परतला असाल, तर इथल्या डॉक्टरांना "न्यू जर्सीच्या जंगलात गेलो होतो" हे आपणहून सांगा. इथे ते कोणाच्या डोक्यात येणार नाही.

तीन-तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका. पॉयझन आयव्ही. खाज आठवडाभर पुरते.

उलटा_कनू

जंगल बघायचं असेल तर चालत काय बघता, पाण्यातून बघा. मी कंपनीच्या कामाने फिलाडेल्फियाला होतो तेव्हा शनिवार-रविवार तिथेच पडीक असायचो. भाड्याने कनू (वल्ह्याची अरुंद होडी) देणारे बरेच आहेत, ते गाडीने वरच्या टोकाला सोडतात, तुम्ही प्रवाहाबरोबर खाली यायचं. ऑस्वेगो नदी, ऑस्वेगो तलावापासून हॅरिसव्हिलपर्यंत, ही माझी सगळ्यात आवडती. नदी कसली, आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. वळणावर वळणं. दोन्ही काठांना सीडर इतके वाकलेले की वल्हं मध्येच अडकतं. पाणी बऱ्याच ठिकाणी गुडघा ते कमरेएवढं, तळाला पांढरी रेती. उथळ जागी पाणी सोनेरी दिसतं, मग केशरी, मग एकदम काळं, त्यावरूनच पुढे किती खोल आहे ते कळतं. पडलेल्या झाडांखालून कधी वाकून जावं लागतं, कधी उतरून कनू ओढावी लागते. गुडघ्यांचं म्हणाल तर बसायला अडचण नाही, उठताना येते. जावयाला मागे बसवा, दिशा मागचाच देतो.

एक महत्त्वाचं. आतल्या रेतीच्या रस्त्यांवर साधी गाडी घालू नका. नकाशा ॲप बिनदिक्कत "पुढे वळा" सांगतं, पुढे साखरेसारखी भुसभुशीत रेती असते आणि मोबाइलला रेंज नसते.

निवृत्त_पाटकरी

शेवाळबाई, दंडवत. "खालून वर आलेलं पाणी" हे वाचून रात्री कागद घेऊन बसलो. त्या कर्कवुड-कोहान्सीत १७ लाख कोटी गॅलन पाणी आहे असं सगळीकडे दिलंय. गॅलन आम्हाला कळत नाहीत. हिशेब केला तर सुमारे २२७० टीएमसी येतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारही भरली तर २९ टीएमसीच्या आसपास, म्हणजे आपल्या साखळीच्या पंचाहत्तर पटींहून जास्त. अख्खी कोयना १०५. आणि हे सगळं रेतीच्या पोटात, ना भिंत, ना दरवाजे, ना बाष्पीभवनाची कटकट. नोकरीत असतो तर वरिष्ठांना पाठवलं असतं.

पण मग एक शंका. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया एवढ्या जवळ असताना हे पाणी कोणी उचललं कसं नाही? आपल्याकडे असतं तर आतापर्यंत चार योजना आणि आठ आंदोलनं झाली असती.

वारज्याच्या डॉक्टरबाई, धन्यवाद. ही पोस्ट सौ.ला दाखवलेली नाही.

शेवाळबाई

उचलायला निघाले होते की! जोसेफ व्हार्टन नावाचा फिलाडेल्फियाचा उद्योगपती. त्याने १८७६ मध्ये बॅट्स्टो आणि आजूबाजूचं प्रचंड रान विकत घेतलं. इथलं पाणी अडवून फिलाडेल्फियाला न्यायचं असा बेत. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने राज्याबाहेर पाणी न्यायला बंदी घातली आणि बेत तिथेच आडवा झाला. जमीन मात्र एकगठ्ठा राहिली. ती पुढे १९५० च्या दशकात राज्याने विकत घेतली, तेच आजचं व्हार्टन राज्य वन. पुढे १९७८ मध्ये केंद्राने पाइनलँड्सला राष्ट्रीय राखीव क्षेत्र केलं, देशातलं त्या प्रकारचं पहिलं. सुमारे अकरा लाख एकर, राज्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. पुढच्याच वर्षी राज्याचा कायदा आला. आत गावं आहेत, शेतं आहेत, माणसं राहतात, पण कुठे किती बांधायचं ते एक आयोग ठरवतो. पाणीवाटपाच्या भांडणातून जंगल वाचल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. तुमच्या खात्यातल्या कोणाला माहीत असेल तर सांगा.

बॅट्स्टो गाव जरूर बघा, सौ.ना घेऊन. १७६६ मध्ये चार्ल्स रीडने तिथे लोखंडाची भट्टी काढली आणि स्वातंत्र्ययुद्धात तिथून सैन्याला तोफगोळे गेले. खाण नव्हती, लोखंड दलदलीतून काढायचे. आम्ल पाणी रेतीतलं लोह विरघळवून वर आणतं, हवा लागली की जिवाणू आणि प्राणवायू मिळून त्याचा गंज करतात, तो काठाला थरावर थर साचतो. हे अजूनही चालू आहे. साचलेल्या पाण्यावर कुठे इंद्रधनुषी तेलकट तवंग दिसला की काडीने ढवळा. त्याचे काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहतात. इंजिनचं तेल असतं तर पुन्हा एकमेकांत मिसळलं असतं. नातवाला हे दाखवल्यापासून तो रस्त्यावरच्या प्रत्येक डबक्यात काडी घालतो.

आता महिना. माझं मत जून, तेही मध्यावर. घटपर्णीची फुलं तेव्हा असतात, गडद लाल, मान खाली घातलेली. पाकळ्या गळल्या तरी आतली उलट्या छत्रीची रचना पुढे कित्येक आठवडे उभी राहते. रोझ पोगोनिया आणि ग्रास पिंक ही दोन गुलाबी ऑर्किडं शेवाळातून वर आलेली असतात, आणि महिनाअखेरीला बॉग ॲस्फोडेलचे पिवळे तुरे. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत थांबलात तर पाइन बॅरन्सचा वृक्षबेडूक ऐकू येईल. हिरवागार, कुशीवरून जांभळा पट्टा. दिवसा दिसणं मुश्कील आणि रात्री ओरडणं थांबत नाही.

सौ.साठी व्हाइट्सबॉग. जूनअखेर ते जुलै ब्लूबेरीचे दिवस. आज आपल्या मॉलमध्ये डबीतून मिळते त्या लागवडीच्या ब्लूबेरीची सुरुवात या गावात झाली. एलिझाबेथ व्हाइट ही क्रॅनबेरी बागायतदाराची मुलगी. फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाचं काम वाचून १९११ मध्ये तिने त्याला आपल्या बागेत बोलावलं. रानातली झुडपं माहीत असणाऱ्या स्थानिकांना तिने भोक पाडलेली पट्टी दिली, त्या भोकातून न जाणारी मोठी बेरी ज्या झुडपाला, ते दाखवायचं आणि पैसे घ्यायचे. झुडपाला नावही शोधणाऱ्याचं. पहिलं विक्रीचं पीक १९१६ मध्ये निघालं. पदव्या असलेले आम्ही लोक अशा माणसांना "माहितगार वाटाड्या" म्हणून तळटीपेत घालतो. तिने त्यांची नावं ब्लूबेरीच्या वाणांना दिली, म्हणून मला ती बाई आवडते.

ऑक्टोबरला गेलात तर क्रॅनबेरीची काढणी मिळेल. मळ्यात पाणी सोडतात, यंत्राने फळं झाडून घेतात, फळाच्या आत हवेचे कप्पे असल्याने ती तरंगतात आणि अख्खं तळं लाल होतं. फोटो फार छान येतात. निळं जेंशियनही तेव्हाच फुलतं, रेताड रस्त्यांच्या कडेला. पण दलदलीचा जीव जूनमध्ये असतो. ऑक्टोबर हा फोटोवाल्यांचा महिना.

वेब्स मिलला जाताना ५३९ वरच वॉरन ग्रोव्हच्या बाजूला बुटक्या पाइनचं रान लागतं, तिथे पाच मिनिटं उतरा. बाकी जंगलात आहेत तेच पिच पाइन, पण पुरुषभर उंचीचे, काही तर छातीला लागणारे. वारंवार वणवे लागतात त्या टापूत हे असे राहिलेत. उत्तराखंडातल्या चीडसारख्याच याच्या सुया तीन-तीनच्या जुडीत असतात, पण याला जळक्या खोडातून थेट हिरव्या सुया फुटतात, त्या चीडला मी कधी पाहिल्या नाहीत. शंकू राळेने बंद असतात आणि आगीच्या धगीने उघडतात, मग मोकळ्या झालेल्या रेतीवर बी पडतं. वनखातं हिवाळ्यात मुद्दाम ठरवून आग लावतं.

गच्चीवाली

शेवाळबाई, त्या घटपर्णीचं छोटंसं रोप किंवा बी आणता येईल का हो? आमच्या गच्चीत नेट लावलंय, आरओचं पाणी घालीन.

शेवाळबाई

नाही. राज्याच्या जंगलातून काही उचलायचं नाही, आणि परवान्याशिवाय रोप विमानातून इकडे आणायचं नाही. समजा आणलंत, तरी तिला काही महिने कडाक्याची थंडी आणि झोप लागते. पुण्याच्या डिसेंबरने तिचं समाधान होत नाही. एप्रिलमध्ये तुमच्या गच्चीत ती घटाघटाने करपेल आणि तुम्ही मला फोटो पाठवाल.

हौस असेल तर सप्टेंबरात कासला चला, तिथे दवबिंदू फुकट आणि जागच्या जागी. नाहीतर दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला जा, मिरिस्टिकाची (रानजायफळाची) दलदल आहे, देवराईत राखलेली. तिथे मुळं गुडघा वाकवून चिखलातून वर श्वास घ्यायला आलेली दिसतात. अमेरिकेचं तिकीट न काढता. मात्र जळवा आहेत.

निवृत्त_पाटकरी

ठरलं. जूनचा तिसरा आठवडा. सौ. बॅट्स्टो आणि ब्लूबेरीवर राजी झाली, दलदलीच्या दिवशी ती आणि लेक गाडीत बसून राहणार असं लेखी ठरलंय. जावईबापू कनूला तयार आहेत, मागे बसायला नाहीत. बघू.

शेवटचा प्रश्न. भिंग कितीचं घेऊ? इथूनच घेऊन जातो, तिकडे डॉलरमध्ये नको.

शेवाळबाई

दहा पटीचं, घडी होणारं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळेल, दागिने बघायचं भिंग मागितलंत तरी चालेल. वीस पटीचं नको, त्याला इतकं जवळ जावं लागतं की नाक शेवाळात जातं. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि डोकं झाडाकडे न्यायचं, हात लांब करून बघितलंत तर काही दिसणार नाही. आणि त्याला दोरी बांधून गळ्यात घाला. त्या फळ्यांना फटी आहेत, खाली पडलं की पडलं.